मिशिगन ते केंटकी, सहा दिवस: सत्तावन्नची थंडरबर्ड घ्यावी की सत्तावन्नची कॉर्व्हेट?

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. संग्रहासाठी १९५५-५७ ची फोर्ड थंडरबर्ड घ्यावी की त्याच काळातली शेवरोले कॉर्व्हेट, हा प्रश्न ज्यांच्या मनात आहे त्यांनी हा आठवडा चुकवू नये. दोन्ही गाड्या दोन माणसांच्या, दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०२ इंच, आणि विकत घेणारा माणूसही साधारण सारखाच. पण तपासायच्या जागा अगदी वेगळ्या. एकीला पत्र्यात बघायचं, दुसरीला कागदात आणि लोखंडावरच्या शिक्क्यात.

शुक्रवार, फ्लिंट

डेट्रॉइटहून फ्लिंट तासाभराच्या अंतरावर आहे. सॅगिनॉ स्ट्रीटवर अजून विटांचा रस्ता आहे आणि या आठवड्यात त्यावर दुतर्फा गाड्या लागतात. सकाळी नऊच्या आत पोचलं तर मालक गाडी पुसत असतात आणि बोलायला मोकळे असतात. अकरानंतर गर्दीत बॉनेटखाली डोकं घालणं अवघड जातं.

कॉर्व्हेटची सुरुवात याच गावात झाली. ३० जून १९५३ ला पहिली गाडी बाहेर पडली आणि वर्षभरात फक्त ३०० बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. त्यानंतर कारखाना सेंट लुईसला गेला. विटांच्या रस्त्यावर १९५४ ची एक सहा सिलिंडरची उभी होती. मालक टूल अँड डाय (साचे आणि हत्यारं बनवण्याच्या) कामातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी एका बाजूला ओळीने बसवलेले तीन कार्टर कार्ब्युरेटर दाखवले. तिन्हींची हवा सारखी लावणं हेच या गाडीचं खरं काम. एकाचा थ्रॉटल शाफ्ट झिजला की तिथून फुकटची हवा आत जाते, आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) चढ-उतार करतो आणि माणूस उगीच बाकीच्या दोघांचे स्क्रू फिरवत बसतो. आधी शाफ्टला बुश बसवायचे, मगच ट्यूनिंग.

या गाडीला दारात वर-खाली होणारी काच नाही, बाहेरून दाराला मूठ नाही आणि गिअरबॉक्स दोन गतींचा ऑटोमॅटिक. १९५५ मध्ये फोर्डने व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, खरी काच आणि पत्र्याची बॉडी देऊन थंडरबर्ड २,९४४ डॉलरला आणली, तेव्हा एका वर्षात १६,१५५ विकल्या गेल्या. त्याच वर्षी कॉर्व्हेट बनल्या ७००. थंडरबर्ड आली नसती तर शेवरोलेने कॉर्व्हेट बंद केली असती, असं जाणकार मानतात, आणि आकडे बघितले की ते पटतं.

दुपारी फ्लिंटचा कोनी खाल्ला. पावात सॉसेज आणि वर कोरडा, बारीक खिमा. डेट्रॉइटचा कोनी रश्श्याचा, फ्लिंटचा सुका. दोन्ही गावं यावरून हिरिरीने भांडतात.

शनिवार, वुडवर्ड अॅव्हेन्यू

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत हजारो जुन्या गाड्या मुंगीच्या पावलांनी फिरतात. १९९५ पासून हे चालू आहे. गाडी कुठल्या तरी आडरस्त्यावर लावावी, घडीची खुर्ची आणि पाणी बरोबर घ्यावं, आणि बर्कली किंवा रॉयल ओकच्या भागात फुटपाथवर ठाण मांडावं. उन्हात पहिल्या गिअरमध्ये तासभर चालणारी गाडी स्वतःबद्दल जेवढं सांगते तेवढं विक्रेता कधीच सांगत नाही.

साडेअकराच्या सुमारास एक लाल सत्तावन्नची कॉर्व्हेट आचके देत कडेला आली. बाजूला ‘फ्युएल इंजेक्शन’ ही अक्षरं. मालकाने बॉनेट उघडलं आणि शांतपणे खुर्ची काढून बसला. रोचेस्टरचं ते यांत्रिक इंजेक्शन इंजिनाच्या माथ्यावर बसतं, आणि त्याचा जास्त दाबाचा पंप डिस्ट्रिब्युटरमधून येणाऱ्या केबलवर फिरतो. हळू रहदारीत खालची उष्णता वर चढते, आजचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल बारीक नळ्यांमध्ये उकळतं आणि नोझलला पेट्रोलऐवजी वाफ मिळते. वीसेक मिनिटं थांबलं की गाडी पुन्हा चालू. हा बिघाड नव्हे, तिचा स्वभाव आहे. मात्र थंड गाडीही सुरू व्हायला खळखळ करत असेल तर आतला मुख्य डायफ्राम (लवचीक पडदा) तपासावा. जुन्या रबराचा असेल तर इथेनॉलने तो ताठ होतो, म्हणून इथेनॉल सोसणारा नवा बसवून घ्यावा. हे काम करणारे कारागीर मोजके आहेत आणि त्यांच्याकडे महिनोन् महिने रांग असते. सौदा करण्याआधी त्यांच्यापैकी एकाशी बोलून घ्यावं.

त्या वर्षी या इंजेक्शनचे ४८४ डॉलर जास्त पडायचे. म्हणून ६,३३९ गाड्यांपैकी १,०४० जणांनीच ते घेतलं. आज गाडीच्या किमतीत सगळ्यात मोठी उडी याच भागाने पडते, आणि नकलांचा बाजारही याच भागाभोवती भरतो.

दुपारी अडीचला आभाळ फुटलं. पाच मिनिटांत रस्ता पाण्याखाली. समोर एक निळी थंडरबर्ड होती, वर गोल खिडकीचा फायबरग्लासचा हार्डटॉप. आतलं जोडपं कोरडं बसलेलं. तिच्या मागच्या कॉर्व्हेटमधले काका मात्र पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात रुमाल कोंबत होते. तिथलं रबर नवं असलं तरी काचेची चौकट आणि टप यांचा कोन जुळला नाही की पाणी थेट गुडघ्यावर येतं. गाडी बघायला जाल तेव्हा टप चढवून कोपऱ्यावर पाच मिनिटं पाण्याचा पाइप धरा. विक्रेता नको म्हणाला तर त्यातच उत्तर मिळालं. पावसानंतर दिवे लावले तेव्हा त्याच कॉर्व्हेटचा मागचा एक दिवा मिणमिणत होता. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र वायर लागते. ती गंजली की बल्ब बदलून काही होत नाही.

रविवार, नोव्हाय

डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत वाहन उद्योगातली मराठी घरं भरपूर आहेत. त्यातल्याच एका घरी १९५५ ची थंडरबर्ड आहे, टर्कॉइज रंगाची, सध्या इंजिनाची झाकणं काढलेली. वहिनींनी गरम थालीपीठ आणि लोणी गॅरेजातच आणून दिलं. हात ग्रीसचे असल्याने ते कागदात धरून खाल्लं गेलं.

त्या घरच्या काकांनी आधी झाकणांखालची जागाच दाखवली. “झाकण काढून इंजिन आयडलला चालवायचं आणि बघत बसायचं. सोळाच्या सोळा रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर, तेल झिरपताना दिसलं पाहिजे. एका बाजूला कोरडं असेल तर गाडी तिथेच सोडून या, नाहीतर कामाचे पैसे किमतीतून कापा.”

फोर्डच्या या व्ही-८ ला वाय-ब्लॉक म्हणतात. रॉकर शाफ्टला जाणारं तेल कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्याच्या) मधल्या बेअरिंगकडून वर चढतं. तेल वेळेवर न बदललेल्या इंजिनात तिथे गाळ बसतो, बेअरिंग झिजतं आणि वरची मंडळी कोरडी पडतात. मग कुणीतरी बाहेरून तांब्याची नळी काढून रॉकरला तेल पुरवतं. बाजारात त्याचा तयार संचही मिळतो. अशी नळी दिसली की समजावं, दुखणं आत तसंच आहे, वरून फक्त मलमपट्टी झाली आहे. खरा उपाय म्हणजे इंजिन उतरवून कॅमची बेअरिंगं बदलणं आणि तेलाच्या वाटा साफ करणं.

टकटक ऐकून मात्र घाबरू नये. या इंजिनात टॅपेटची फट हाताने लावायची असते, गरम इंजिनावर १९ थाउ (इंचाचे हजारावे भाग). थोडा शिवणयंत्रासारखा आवाज असणारच. अजिबात आवाज नसेल तर कुणीतरी टॅपेट जास्त आवळलेत आणि व्हॉल्व्ह जळण्याची भीती आहे. जोरकस कॅमच्या कॉर्व्हेटलाही, म्हणजे २७० आणि २८३ अश्वशक्तीच्या इंजिनांना, टॅपेट हातानेच लावावे लागतात: इनटेक १२ थाउ, एक्झॉस्ट १८. दोन्ही गाड्यांसाठी फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) घरात असलाच पाहिजे, आणि तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं घ्यावं. आजच्या गाड्यांच्या तेलावर सपाट टॅपेटचे कॅम लवकर झिजतात.

१९५५ च्या थंडरबर्डमध्ये आणखी एक खोच आहे. ती ६ व्होल्टची, आणि बॅटरीचा प्लस बॉडीला. १९५६ पासून १२ व्होल्ट आणि मायनस बॉडीला. पंचावन्नचा सेल्फ गरम असताना रेंगाळला की लोक बॅटरी बदलतात, पण दोष बहुधा केबलचा असतो. निम्म्या व्होल्टला दुप्पट करंट लागतो, आणि दुकानात मिळणारी नेहमीची केबल १२ व्होल्टच्या हिशेबाने बारीक असते. अंगठ्याएवढी जाड केबल बनवून घ्यावी, दोन्ही टोकं आणि अर्थिंगची जागा चकाकेपर्यंत घासावी. काकांच्या गाडीचा त्रास तेवढ्यानेच गेला.

सोमवार, डिअरबॉर्न

१९५५ ते ५७ च्या सगळ्या थंडरबर्ड इथे, डिअरबॉर्नला बनल्या. फोर्डच्या रूज कारखान्याच्या सहलीची बस हेन्री फोर्ड संग्रहालयातून सुटते. रविवारी ती सहल बंद असते, म्हणून सोमवार ठेवला. आता तिथे पिकअप ट्रक बनतात.

दुपारी गावातल्या एका पत्र्याच्या कारागिराकडे सत्तावन्नची थंडरबर्ड लिफ्टवर होती. वरून आरशासारखी. त्याने कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पुढच्या मडगार्डच्या खालच्या मागच्या कोपऱ्यावर ठेवलं, सोडलं, आणि ते खाली पडलं. पत्रा नव्हता, पुट्टी होती. चाकाने उडवलेला चिखल आणि मिठाचं पाणी नेमकं तिथे साठतं. मग त्याच क्रमाने दारांखालची पट्टी, चालकाच्या पायाखालची जमीन (मॅट उचलूनच बघा), डिकीची जमीन, आणि शेवटी चासी मागच्या अॅक्सलवरून जिथे कमान घेते ती जागा. त्या कमानीवर त्याने छोट्या हातोडीने ठोकलं. चांगलं लोखंड खणखणतं. इथे आवाज बद्द आला आणि गंजाचे पापुद्रे खाली पडले. मडगार्ड, जमीन, पट्टी हे सगळे भाग नवे बनवून मिळतात, त्यामुळे तिथला गंज म्हणजे फक्त खर्च. चासीची कमान गेली असेल तर गाडी सोडावी.

छप्पन्नची घेणाऱ्यांनी या कमानीकडे जास्त बारकाईने बघावं. त्या वर्षी डिकीत जागा हवी म्हणून स्टेपनी मागे बंपरवर बाहेर टांगली. दिसायला देखणी, पण सगळं वजन अॅक्सलच्या मागे लोंबतं. सत्तावन्नमध्ये मागचा भाग लांबवून स्टेपनी पुन्हा आत घेतली, हे बरं केलं. रोज बाहेर काढायला सत्तावन्न, फोटोत छप्पन्न, असं आमचं मत झालं आहे.

आता थंडरबर्डच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट. सत्तावन्नच्या गाडीच्या नंबराचं पहिलंच अक्षर इंजिन सांगतं. सी म्हणजे २९२ घनइंचाचं इंजिन. डी म्हणजे ३१२, एका चार-बॅरल (चार तोंडांच्या) कार्ब्युरेटरची. ई म्हणजे तशा दोन कार्ब्युरेटरची. एफ म्हणजे सुपरचार्जरची, जी दोनशेच्या आसपासच बनली. मग ७, मग कारखान्याचं एफ, मग थंडरबर्डचं एच. म्हणजे ‘ई७एफएच’ने सुरू होणारा नंबर दाराच्या खांबावरच्या पाटीवर आणि चासीवर, दोन्हीकडे सारखा दिसला तर गाडी जन्मतः दोन कार्ब्युरेटरची. फोर्डच्या कारखान्याच्या नोंदींवरून मिळणारे मार्टी रिपोर्ट १९६७ पासूनच्या गाड्यांचे असतात, त्यामुळे इथे पाटी आणि चासी हाच पुरावा. आत बसलेलं इंजिन खरंच ३१२ आहे का, हे बाहेरून कळत नाही. ऑइल पॅन उतरवून मेन बेअरिंगच्या टोप्या बघायच्या. ३१२ च्या टोप्यांवर ईसीझेड असतं, २९२ च्या टोप्यांवर ईबीयू.

संध्याकाळी वॉरन अॅव्हेन्यूवरच्या लेबनीज बेकरीत पालक भरलेले त्रिकोणी पाव आणि मसूर-तांदळाचा मुजद्दरा. वर तळलेला कांदा इतका खमंग की घरच्या खिचडीची आठवण झाली. शाकाहारी माणसाने डेट्रॉइटला येऊन डिअरबॉर्नमध्येच जेवावं.

मंगळवार, रस्ता

टोलेडो, सिनसिनाटी, लुईव्हिल, बोलिंग ग्रीन. पावणेपाचशे मैल आणि ओहायोभर मक्याची शेतं. लुईव्हिल सोडल्यावर घड्याळ एक तास मागे जातं. बोलिंग ग्रीनला कुणाला वेळ दिली असेल तर हे लक्षात ठेवा.

बुधवार, बोलिंग ग्रीन

१९८१ पासून कॉर्व्हेट इथे बनते. समोरच राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालय आहे, १९९४ चं. १२ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे त्याच्या घुमटाखालची जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. चुनखडीचा प्रदेश, खाली गुहाच गुहा. तिघींची दुरुस्ती झाली, त्यात १९६२ ची काळी कॉर्व्हेट आहे. तिच्यापाशी बराच वेळ गेला. याच घराण्याची शेवटच्या वर्षातली ती गाडी, आणि तीस फूट खाली पडूनही ओळख न हरवलेली. कॉर्व्हेटला शर्यतीची गाडी करणारे इंजिनियर झोरा अर्कस-डंटोव्ह यांच्या अस्थीही याच वास्तूत आहेत. सकाळी दार उघडतं, तेव्हाच जावं. ऑगस्टमध्ये बाहेर अंगाला चिकटणारा उकाडा असतो.

दुपारी गावाबाहेर एका शेडमध्ये सत्तावन्नची कॉर्व्हेट बघायची होती. पांढरी, चार गतींचा गिअरबॉक्स, फ्युएल इंजेक्शन. मालक मृदू बोलणारे, वीस वर्षांपूर्वी घेतलेली, तेव्हापासून जपलेली.

बॉडीपासून सुरुवात. इथे चुंबकाचा उपयोग नाही. चाकांच्या वरच्या पोकळीत हात घालून आतली बाजू चाचपायची. कारखान्याचे पॅनेल साच्यात दाबलेले, त्यामुळे आतूनही बरेच गुळगुळीत असतात. हाताला खरखरीत, केसाळ लागलं तर तिथे अपघातानंतर नवा तुकडा जोडला आहे. या गाडीला पुढे उजवीकडे तसा एक तुकडा होता, चांगला जोडलेला. हेडलाइटभोवती आणि दाराच्या कोपऱ्यात केसासारख्या भेगा होत्या. भेग फक्त पुट्टीने भरली तर एका उन्हाळ्यात परत येते. ती व्ही आकारात खोल घासून, पॉलिएस्टर रेझिन आणि ग्लास मॅटचे थर देऊनच बुजवावी लागते. रंग काढायला वाळूचा मारा कधीही करू नये. फायबरग्लासचा चाळणा होतो. रेडिओ होता, आणि त्यामुळे डिस्ट्रिब्युटरवरचं स्टीलचं आवरणही असायला हवं होतं. होतं. रेडिओ नसलेल्या गाडीला ते कारखान्यातूनच मिळत नसे, आणि फायबरग्लासचं बॉनेट रेडिओतली खरखर अडवत नाही, म्हणून ते आवरण.

मग कागद. कॉर्व्हेटचा नंबर ई५७एस१० ने सुरू होतो आणि त्यात इंजिनाबद्दल एक अक्षरही नाही. शिवाय ती पाटी दाराच्या खांबावर दोन स्क्रूंनी बसवलेली, म्हणजे कुणालाही काढता-घालता येते. चासीवरही नंबर असतो, तो आरसा आणि टॉर्च घेऊन शोधावा लागतो. सत्तावन्नच्या इंजिनावर गाडीचा नंबर कोरलेला नसतो. असतो तो फक्त एक शिक्का, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, एका छोट्या सपाट जागेवर. पहिलं अक्षर एफ. थंडरबर्डच्या नंबरात एफ म्हणजे डिअरबॉर्न, इथे एफ म्हणजे फ्लिंट, कारण बॉडी सेंट लुईसला बसत असली तरी व्ही-८ फ्लिंटमधूनच येत असे. मग महिना, दिवस, आणि शेवटी दोन अक्षरं. ईएल म्हणजे २८३ अश्वशक्तीचं इंजेक्शन. ईएम म्हणजे २५० चं. ईएफ म्हणजे एका कार्ब्युरेटरचं साधं २२०.

रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने ती जागा पुसली. तारेचा ब्रश कधीही लावू नका, पुरावाच घासला जातो. टॉर्चचा प्रकाश आडवा टाकला. एफ१०८ईएल. मालकांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. पण भिंगातून ती जागा काचेसारखी साफ दिसत होती. कारखान्यात ती ब्रोचिंग यंत्राने (दातेरी पात्याने लोखंड खरवडणाऱ्या) कापली जाते आणि पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उरतात. इथे एकही रेघ नव्हती. तेवढ्यावरून निकाल देता येत नाही, कारण ब्लॉकचा माथा कधीतरी घासून घेतला असेल तरी रेघा जातात. मात्र मग मूळ शिक्काही जायला हवा होता.

शेवटी ब्लॉकच्या मागे, गिअरबॉक्सच्या जोडावर, उजवीकडे ओतकामाची तारीख असते. तिथे हात जेमतेम पोचतो. आरसा धरला. डावीकडचा ओतकाम क्रमांक ३७३१५४८, सत्तावन्नच्या २८३ घनइंचाला अगदी बरोबर. तारीख: सी २२ ७. सी म्हणजे मार्च. ब्लॉक ओतला २२ मार्च १९५७ ला, आणि पुढचा शिक्का सांगत होता की इंजिन जोडून तयार झालं ८ जानेवारीला.

मालकांनी स्वतः आरसा धरून दोनदा वाचलं. मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. इंजेक्शनचं युनिट मात्र अस्सल होतं, पाटीवरचा क्रमांक ७०१४ ने सुरू होणारा, म्हणजे त्याच काळातला. ते एकटं काढूनही चांगल्या किमतीला जाईल. बाकी गाडी सुदृढ होती, चासी कोरडी, गिअर लोण्यासारखे. साध्या कार्ब्युरेटरच्या सत्तावन्नच्या भावात, वर युनिटची किंमत वेगळी धरून, ती घ्यायला हरकत नव्हती आणि तसंच त्यांना सांगितलं. त्यांनी पुठ्ठा घडी करून खिशात ठेवला, बॉनेट हलकेच बंद केलं आणि मुलाशी बोलून रविवारपर्यंत कळवतो म्हणाले.